येसची पिशवी

शैला, माझ्या गाडीतली तुझी सीट अजून तशीच पुढे ओढलेली आहे. तू पडलीस बुटकी. बसल्या बसल्या सर्रकन सीट पुढे घ्यायचीस, डॅशबोर्डला नाक लावायचीस आणि मला रस्ता सांगायला लागायचीस. स्वतःला गाडी येत नव्हती, टेस्ट देऊन देऊन शेवटी तू तो नाद सोडलास, पण राउंडअबाउटवर कुठली लेन धरायची हे ठरवणार तूच. तुझ्या फ्युनरलच्या आदल्या दिवशी मी तुझ्या रश्मीला स्टेशनवरून आणलं, तर ती एवढी उंच पोरगी गुडघे पोटाशी घेऊन बसली. मी म्हटलं, "अगं, सीट मागे घे की." तर म्हणाली, "नको मावशी. राहू दे तशी." पुढे गावच्या बाजारपेठेत, हाय स्ट्रीटवर ती जे बोलली, त्यासाठी मी हे लिहायला बसले आहे. पण ते लगेच नाही सांगता येणार मला. आधी तुझ्याशी थोडं भांडायचं आहे.

भांडणार तरी कधी? तू गेलीस ती माझ्याशी धड न बोलता. आणि इथे इंग्लंडात गेलेल्या माणसालाही तारीख मिळेपर्यंत थांबावं लागतं. किती दिवस तू शवागाराच्या त्या थंडीत पडून होतीस आणि आम्ही इकडे कॅलेंडरकडे बघत बसलो होतो. तू, जिला मे महिन्यातही हीटिंग लागायचं! मला रोज वाटायचं, निदान माझ्याकडे राहिलेली तुझी ती जांभळी शाल तरी नेऊन द्यावी. तुझ्या विनायकरावांना विचारायची हिंमत झाली नाही.

आपली दोस्ती ही काही आपण निवडलेली नव्हती. साउथहॅम्प्टनहून बस पकडून ह्या समुद्रकाठच्या गावात आलो तेव्हा मराठी बोलणाऱ्या बायका आपण दोघीच. तुझे विनायकराव आणि माझे सुधाकर एकाच कारखान्यात. तू पुण्याची, मी नागपूरची. पहिल्यांदा जेवायला आलीस आणि वरणात गूळ नाही म्हणून तोंड वाकडं केलंस. मी म्हटलं, "गोड खायचं असेल तर आपल्या घरी जाऊन खा." त्यावर तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला आणि विनायकराव घाबरून पाणी शोधायला लागले. झालं, तिथून पुढे सुटका नाही.

सुधाकर गेले त्यानंतरच्या संक्रांतीला तुझ्याकडे हळदीकुंकू होतं. तोवर गावात मराठी मंडळ झालं होतं, पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअरवाल्या पोरी आल्या होत्या, आणि गंमत म्हणजे त्याच जास्त बिचकत होत्या. मी तुझ्या स्वयंपाकघरात कपबश्या विसळत उभी. एक जण करंडा घेऊन आत आली, मला बघून थबकली आणि बाजूने निघून गेली. तू ते पाहिलंस. माझा ओला हात धरून मला सगळ्यांदेखत बाहेर ओढलंस, "मंदे, नाटकं पुरे" म्हणालीस, कपाळाला हे एवढं कुंकू लावलंस आणि पदरात वाण टाकलंस. त्यानंतर दर संक्रांतीला तुझ्या घरात पहिलं कुंकू मला. आभार मी कधी मानले नाहीत, मानले असते तर तू मला घराबाहेर काढलं असतंस. आज मानते. ऐकून घे.

मग ते डिपार्टमेंट स्टोअर बंद पडलं, जिथे तू आयुष्यभर परफ्यूमच्या काउंटरवर उभी राहिलीस. अर्ध्या गावाच्या मनगटावर तू अत्तर फवारलं असशील. काचांवर पांढरा रंग फासला आणि हाय स्ट्रीटचं तोंडच गेलं. पोरं आधीच गाव सोडून चालली होती. तुझी रश्मी बर्मिंगहॅमला, एका हॉटेलात ड्यूटी मॅनेजर. तेवढ्यात एक कंपनी आली. म्हणाली, ह्या जागी कॅसिनो करतो, वर मोठं हॉटेल, गावातल्यांना नोकऱ्या. कौन्सिलने फार पूर्वी ठराव करून ठेवला होता की ह्या गावात कॅसिनो नको. तो ठराव उठवायचा का, ह्यावर गावाचं मत घ्यायचं ठरलं. येस किंवा नो. आणि तू, जिने मंडळाच्या मीटिंगमध्ये कधी हात वर केला नाही, ती येसवाल्यांची मुख्य बाई होऊन बसलीस.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. हॉटेल झालं की रश्मी घरी येणार. तुझ्या हृदयाची कुरकुर तेव्हाच सुरू झाली होती, जिना चढताना मध्येच भिंतीला हात टेकून थांबायचीस आणि कोणी बघितलंच तर वॉलपेपर न्याहाळल्याचं सोंग करायचीस. तुला पोर जवळ हवी होती, बस्स. लोकांच्या दारात उभी राहून तू रोजगार, टूरिस्ट, हाय स्ट्रीट असलं सगळं पाठ केलेलं म्हणायचीस आणि शेवटी न राहवून सांगायचीस, "अँड माय डॉटर विल कम होम, लव्ह." त्या एका वाक्यावर म्हातारी माणसं विरघळायची.

मी नोमध्ये गेले ती मॉरीनमुळे. माझ्या वरच्या फ्लॅटमध्ये राहणारी मॉरीन. तरुणपणी समुद्रातल्या धक्क्यावर, त्या पिअरवरच्या जुगाराच्या मशिनींपुढे बसून तिने संसार घालवला. नवरा गेला, घर गेलं, मुलगा तिच्याशी अजून बोलत नाही. मग ती त्यातून बाहेर आली, कशी आली तिचं तिला माहीत. कॅसिनोची बातमी आली त्या दिवशी ती माझ्या किचनमध्ये येऊन बसली आणि चहाच्या कपाला दोन्ही हात लावून म्हणाली, "मॅंडा, माझ्या घरापासून चालत जाता येईल इतकं जवळ ते नको." मी तिची पत्रकं उचलली.

आणि मग आपण दोघींनी जे केलं ते जगात कोणी केलं नसेल. येसची बाई आणि नोची बाई एकाच गाडीतून प्रचाराला! तुला गाडी येत नव्हती, आणि तुला बसस्टॉपवर धापा टाकत उभी ठेवणं माझ्याच्याने झालं नसतं. रस्त्याच्या एका बाजूची दारं तू वाजवायचीस, दुसऱ्या बाजूची मी, मग बाजू बदलायची. मध्ये गाडीत बसून थर्मासमधला चहा आणि तुझ्या हातचे शंकरपाळे. एका आजोबांनी आपल्याला गाडीतून उतरताना बघितलं आणि विचारलं, तुम्ही दोघी एकत्र आहात का? तू मान उंच करून म्हणालीस, "नो, शी इज माय ड्रायव्हर." मी पोट धरून हसले. तुझ्या बाजूचे लोक तुला बोलायचे, माझ्या बाजूचे मला. मंडळातले लोक तर म्हणायचे की दोघींपैकी एक नक्की फितूर आहे.

ती पिशवी आठवते? आठवत नसेल तर कमालच आहे. संक्रांत आली आणि तू वाण म्हणून काय लुटलंस? तर तुमच्या प्रचाराच्या कापडी पिशव्या! हिरव्यागार, जाड कापडाच्या, वर हे मोठ्ठं 'YES'. आत तिळगूळ आणि हळदीकुंकवाची पुडी. मी म्हटलं, "लाज नाही वाटत? हळदीकुंकवात राजकारण?" तू निर्लज्जासारखी हसलीस. "वाण आहे ते. नाही म्हणून दाखव." आणि कोण नाही म्हणणार? वाण कोणी परत करतं का? पुढचे कितीतरी दिवस मंडळातल्या झाडून सगळ्या नोवाल्या बायका येसची पिशवी घेऊन भाजी आणत होत्या. मी सुद्धा. पिशवी मजबूत होती, आणि तुझ्या हातून आलेलं वाण मी कपाटात टाकू शकले नसते, तूच सांग. त्याच पिशवीत मी नोची पत्रकं भरली आणि स्टेशनबाहेर वाटायला उभी राहिले. लोकल पेपरवाल्याने फोटो काढला. नोची पत्रकं वाटणारी बाई, खांद्याला येसची पिशवी. मॉरीन तो पेपर घेऊन माझ्या दारात आली. मी तिला वाण म्हणजे काय ते समजावायला गेले आणि मध्येच सोडून दिलं. तू मात्र तो फोटो फ्रिजवर लावलास.

एवढं हसलो आपण, आणि शेवटी एका वाक्यावर सगळं संपलं. सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये. मी सहज म्हणाले, "शैला, एका पोरीच्या नोकरीसाठी अख्खं गाव पणाला लावायचं का गं?" तू पुढे बघत म्हणालीस, "हो, लावायचं. तुला मूल असतं तर कळलं असतं."

बोललीस आणि तुझं तुलाच कळलं. तुझा हात माझ्या हाताकडे आला होता, मी बघितलं, पण मी गाडी सुरू केली. तुला घरी सोडलं. रश्मीच्या वेण्या मी घातल्या आहेत शैला, तुझी शनिवारची शिफ्ट असायची तेव्हा. तिच्या शाळेच्या नाटकात दोन खुर्च्यांवर आपण दोघी बसायचो आणि तिचा बाप मागे उभा असायचा. हे मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मनात धरून बसले आणि आता कुणाला सांगू?

मोजणी गावच्या क्रीडासंकुलात, लेजर सेंटरच्या बॅडमिंटन हॉलमध्ये झाली. थोडक्या मतांनी नो जिंकलं. मॉरीन माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या खांद्यावरून तुला शोधत होते. तू भिंतीशी कोट घालत होतीस आणि तुला दुसरी बाही सापडत नव्हती. मी धावत आले, बाही धरली. तू म्हणालीस, "नको." एवढंच. आणि बसने गेलीस. त्यानंतर तू माझ्या गाडीत बसली नाहीस. मी तुला बसस्टॉपवर बघायची, कठड्याला टेकून उभी असायचीस. गाडी हळू करायची. तू बसचं टाइमटेबल वाचायला लागायचीस, जसं काही ह्या गावात दहा बस येतात.

आणि जिंकून आम्ही काय मिळवलं म्हणतेस? कंपनी निघून गेली. वर्षभरात त्याच स्टोअरच्या खालच्या मजल्याचे तुकडे करून भाड्याने दिले, आणि तिथे स्लॉट मशिनींचा गाळा उघडला. गुलाबी दिवे, दार कायम उघडं. मग त्याच्या शेजारी आणखी एक. ह्याला कोणी गावाचं मत विचारलं नाही. ह्याला नियम वेगळे म्हणे, कौन्सिलला नाही म्हणता येत नाही. हॉटेल नाही, नोकऱ्या नाहीत, स्टुलावर बसलेला एक कंटाळलेला माणूस आणि भिंतीभर मशिनी. अगं, तुझं परफ्यूमचं काउंटर जिथे होतं ना, बरोब्बर तिथे. आणि एका दुपारी भाजी घेऊन येताना मी आत बघितलं तर मॉरीन. कोट सुद्धा काढलेला नव्हता, मशिनसमोर बसली होती. तिने मला बघितलं आणि मान वळवली. आता आम्ही जिन्यात भेटलो तर हवापाण्याचं बोलतो. तू हरलीस, आम्हीही हरलो. मी हे तुला येऊन सांगणार होते, तुला तेवढंच बरं वाटलं असतं. रोज उद्यावर टाकत राहिले.

मग तू हॉस्पिटलमध्ये गेलीस आणि विनायकरावांचा फोन आला. मी आले तेव्हा तू उशीत एवढीशी झाली होतीस. मी खुर्ची ओढली, डब्यातली गूळ घातलेली आमटी पुढे केली. तू झाकण उघडून वास घेतलास, अगदी जरासं हसलीस. मला वाटलं, सुटलं. आणि मग तू डोळे मिटून सावकाश म्हणालीस, "तुमच्या नोने माझी पोर घरी येऊ दिली नाही, मंदा."

मी म्हटलं, "बरी हो आधी. मग भांडू." तेच शेवटचं. रश्मी निघाली होती, पण तिची ट्रेन पोचायच्या आत तू गेलीस; काही दिवस राहून ती परत गेली आणि फ्युनरलला पुन्हा आली.

तर आता ऐक. त्या दिवशी हाय स्ट्रीटवर, त्या गुलाबी दिव्यांसमोर, सिग्नल लाल होता. रश्मी म्हणाली, "मावशी, आईनी तुला सांगितला नाही ना?"

"काय गं?"

"मी येणारच नव्हती. मी तिला सांगितला होता, व्होटच्या खूप आधी. कॅसिनो झाला तरी नाही, हॉटेल झाला तरी नाही. माझा सगळा लाइफ तिकडे आहे. मी खूप वेळा सांगितला मावशी, प्रॉपर्ली सांगितला. ती फक्त म्हणायची, ओके, पण बाबांना नको सांगू." आणि ती रडायला लागली. लहानपणी रडायची तशीच, तोंड उघडं टाकून, आवाज न करता.

मी गाडी पुढे नेऊन डबल यलो लाइनवर, थांबायला बंदी असते तिथेच, थांबवली. मागून कोणीतरी हॉर्न देत होतं, देऊ दे. मी तिला जवळ घेतलं आणि मनात तुला शिव्या घालत होते. खोटारडी! सगळं ठाऊक असून दारोदार सांगत फिरलीस, माय डॉटर विल कम होम? माझ्याच गाडीत बसून? माझ्यावर आळ घेऊन गेलीस, तोही मरणाच्या खाटेवरून? मला इतका राग आला होता शैला, की तू समोर असतीस तर मी तुला गदागदा हलवलं असतं.

घरी आल्यावर राग गेला आणि मग जे उरलं ते रागापेक्षा वाईट. येस जिंकलं असतं तर काय केलं असतंस गं? हॉटेल उभं राहिलं असतं आणि तरी पोरगी आली नसती, तर सगळ्या गावाला कळलं असतं की तिला यायचंच नाही. तरीही तू त्या सुजल्या पायांनी दारं वाजवलीस. म्हणजे तुला वाटत होतं का, की नोकरी खरोखर समोर आली तर तिचं मन फिरेल? की तुला नोच जिंकायला हवं होतं, म्हणजे दोष द्यायला मी असेन? त्या पिशव्या, तो फोटो, ते सगळं हसणं, त्यातलं खरं कुठलं? हे मला आता कधीच कळणार नाही. एवढं कळतं की पोटच्या पोरीवर रागावणं तुला जमलं नाही, आणि राग तर होता. तो ठेवायला तुला एक जागा हवी होती, आणि मी कुठे जाणार नाही हे तुला पक्कं माहीत होतं. एवढा विश्वास ठेवलास माझ्यावर. पण सांगून ठेवायचा होतास गं, मी आनंदाने खाल्ल्या असत्या शिव्या.

दुसऱ्या दिवशी क्रिमेटोरियममध्ये बरीच माणसं होती. मंडळ होतं, तुझ्या काउंटरवरच्या बायका होत्या, येसवाले होते, मॉरीन मागच्या रांगेत होती. तुझ्यानंतर दुसऱ्या कुणाची वेळ होती, म्हणून सगळं भराभर आटपायला लावलं. बाहेर विनायकराव आणि रश्मी दाराशी उभे राहिले आणि आम्ही ओळीने भेटायला गेलो. माझी पाळी आली. विनायकरावांनी माझा हात धरला आणि रडायलाच लागले. म्हणाले, "मंदाताई, तुमचं ते नो झालं नसतं ना, तर पोरगी शेवटच्या दिवसांत हिच्याजवळ असती हो."

मागच्या मराठी बायकांना ऐकू गेलं. रश्मीचा चेहरा पांढराफटक पडला. ती म्हणाली, "बाबा, ॲक्च्युअली..."

मी तिचं मनगट घट्ट दाबलं. माझ्या खांद्याला तुझी हिरवी पिशवी होती, त्यात तुझ्यासाठी आणलेली जांभळी शाल, जी क्रिमेटोरियमवाल्यांनी तुझ्या अंगावर घालू दिली नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "हो विनायकराव. आमच्यामुळेच झालं ते. रश्मी यायला निघालीच होती, आम्ही अडवली."

त्यांनी माझा हात सोडला आणि माझ्या मागच्या माणसाकडे वळले. तेव्हापासून ते माझा फोन उचलत नाहीत. मंडळातल्या बायकाही जरा जपूनच बोलतात. संक्रांतीला मला कोण बोलावणार आणि पहिलं कुंकू कोण लावणार, ते जाऊ दे.

तुझी पोरगी घरी यायला निघाली होती, शैला. आता सगळ्यांना तेच माहीत आहे.